काका म्हणू नका

ज्या गृहस्थांपासून हा लेख सुरू होतो त्यांना आपण 'काका'च म्हणू. त्यांना तोच शब्द लागला होता. चव्वेचाळिसाव्या वर्षी स्वारगेटकडे जाणाऱ्या बसमध्ये कॉलेजातली एक मुलगी जागेवरून उठली आणि म्हणाली, "काका, बसा ना." ते बसले नाहीत. पुढच्याच थांब्यावर उतरले आणि उरलेलं अंतर चालत गेले. "पोट आत ओढून चाललो," असं आता ते स्वतःच सांगतात आणि हसतात. आज वय बावन्न, नोकरी सहकारी बँकेत, मुलगा इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला, दंड साडेसोळा इंच. आणि गेल्या पावसाळ्यापर्यंत सलग सहा वर्षं, दर रविवारी सकाळी आंघोळीआधी, स्वतःच्या मांडीत टेस्टोस्टेरॉनची सुई.

त्यांचं बिंग फोडलं ते हिमोग्लोबिनने. बँकेच्या वार्षिक तपासणीत आकडा आला १८.९. ज्या देशात पंधरा ते एकोणपन्नास वयातल्या निम्म्याहून जास्त बायका रक्तक्षयाच्या आहेत, तिथे पुरुषाच्या रिपोर्टवर असा आकडा दिसला तर कोणाला शंका येणार? नेहमीचे डॉक्टर म्हणाले, "वा! तरुणांना लाजवाल." खरं तर आकडा त्याआधीच चढला असता, पण तो वर यायला काकांनी वाव दिला नव्हता. ट्रेनरने सांगून ठेवलं होतं की 'कोर्स'वर रक्त घट्ट होतं, दर तीन महिन्यांनी देऊन टाकायचं. त्यामुळे काका गणेशोत्सवात, शिवजयंतीला, नगरसेवकाच्या वाढदिवसाला, जिथे शिबिर लागेल तिथे बाही वर करून हजर. मंडळाने त्यांचा 'नियमित रक्तदाता' म्हणून शाल-श्रीफळ देऊन सत्कार केला. तो फोटो दिवाणखान्यात अजून आहे. त्या वर्षी मात्र मुलाच्या परीक्षांमुळे दोन शिबिरं हुकली आणि रक्ताने खरं ते सांगून टाकलं. पुढे एका फिजिशियनने रिपोर्टमधली खालची ओळ वाचली. हिमॅटोक्रिट ५७, म्हणजे रक्तात निम्म्याहून अधिक तांबड्या पेशीच. चौपन्नच्या वर गेलं की उपचार म्हणून टेस्टोस्टेरॉन घेणाऱ्यांचंही औषध थांबवतात. त्यांनी विचारलं, "काही टोचून घेता का?"

सहा वर्षांत हा प्रश्न विचारणारे ते पहिले.

अ‍ॅनाबॉलिक स्टेरॉइड म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर विशीतला पोरगा येतो: तंग बनियन, मानेवर शिरा, इन्स्टाग्रामवर रील. तो आहेच. पण या औषधांचा जन्म तरुणांसाठी झाला नव्हता, आणि पहिली सुई टोचून घेणारा माणूस बहात्तर वर्षांचा होता. मॉरिशसमध्ये जन्मलेले शार्ल-एदुआर ब्राउन-सेकार हे पॅरिसच्या कॉलेज द फ्रान्समधले नावाजलेले शरीरशास्त्रज्ञ. १ जून १८८९ रोजी त्यांनी विद्वानांच्या सभेत उठून सांगितलं की कुत्र्याच्या आणि गिनीपिगच्या वृषणांचा अर्क आपण स्वतःला टोचून घेतला आहे. जिने पुन्हा धावत चढता येतात, प्रयोगशाळेत तासन्‌तास उभं राहता येतं, आणि लघवीची धार पूर्वीपेक्षा चौथ्या हिश्शाने लांब जाते. धार त्यांनी मोजली होती. साठी ओलांडलेल्या कुठल्याही वाचकाला या मोजमापाचं महत्त्व समजावून सांगायला नको. युरोप-अमेरिकेत या अर्काची लाट उठली. पुढे २००२ साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी त्याच कृतीने अर्क काढून पाहिला, तर त्यात टेस्टोस्टेरॉन इतकं नगण्य निघालं की त्याने काही होणंच शक्य नव्हतं. म्हातारबुवांना जी तरतरी आली ती सगळी मनाची. ते १८९४ साली वारले, पण दुकान उघडून गेले.

त्यानंतरची चाळीस वर्षं म्हणजे जत्राच. व्हिएन्नात ऑयगेन श्टाइनाख वीर्यवाहिनी बांधून पुरुषांना 'तरुण' करू लागले. सिग्मंड फ्रॉइडने १९२३ साली ती शस्त्रक्रिया करून घेतली, कवी येट्सने १९३४ साली, अडुसष्टाव्या वर्षी. आपल्याकडचे पुरुष नसबंदीने ताकद जाते म्हणून सरकारी शिबिरातून पळ काढायचे, आणि जवळजवळ तीच शस्त्रक्रिया युरोपातले बुद्धिमंत ताकद येते म्हणून पैसे मोजून करून घेत होते. नस तीच, समजूत उलटी. पॅरिसमध्ये सर्ज व्होरोनॉफ माकडांच्या वृषणांचे तुकडे कलम करत होते, तर अमेरिकेत कॅन्सस राज्यात ब्रिंकली नावाचा एक भोंदू बोकडांचे. आपणही मागे नव्हतो. १९३८ साली, पंचाहत्तरी ओलांडलेल्या पंडित मदनमोहन मालवीयांनी एका तपस्वीबाबांच्या हाताखाली कायाकल्प करून घेतला आणि देशभरात त्याची चर्चा झाली. आयुर्वेदाच्या आठ अंगांपैकी दोन अंगं, रसायन आणि वाजीकरण, याच इच्छेभोवती फिरतात. वाजी म्हणजे घोडा, यातच सगळं आलं. जिममधल्या पोराला च्यवन ऋषी ठाऊक नसतात, च्यवनप्राशची बरणी ठाऊक असते.

खरं रसायन सापडलं १९३५ साली. अ‍ॅमस्टरडॅममध्ये लाकर यांच्या प्रयोगशाळेने सुमारे शंभर किलो बैलांच्या वृषणांतून दहा मिलिग्रॅम शुद्ध पदार्थ वेगळा केला आणि त्याला नाव दिलं टेस्टोस्टेरॉन. त्याच वर्षी बुटेनांट आणि रुझिका यांनी तो कोलेस्टेरॉलपासून बनवून दाखवला, आणि १९३९ साली दोघांना नोबेल मिळालं. शंभर किलोंमधून दहा मिलिग्रॅम. आज पाव मुठीत मावणाऱ्या एका कुपीत २५० मिलिग्रॅम असतं, आणि काका तशा दोन आठवड्याला संपवत.

इथे एक गैरसमज बाजूला करायला हवा, कारण काकांनी बायकोला तोच ऐकवला होता. "स्टेरॉइड म्हणजे काय विष आहे का? कोरोनात डॉक्टरांनीच दिलं होतं ना सगळ्यांना?" कोरोनात दिलं ते डेक्सामेथासोन. दमा, संधिवात, सूज यांवर देतात तो वेगळा वर्ग. तो जास्त दिवस घेतला तर स्नायू झिजतात. जिममधलं 'डेका' म्हणजे नँड्रोलोन, ते स्नायू वाढवतं. आडनाव एक आणि घराणी दोन. पण हे डेकासुद्धा मध्यमवर्गीय घरांना अगदी परकं नाही. आपल्या आजी-आजोबांना हाडं ठिसूळ झाली, अशक्तपणा आला म्हणून गल्लीतल्या डॉक्टरांनी 'ताकदीचं इंजेक्शन' दिलं असेल तर ते बरेचदा हेच होतं. ताकद सुईतून मिळते ही श्रद्धा जिमने नाही रुजवली. सलाइन लावल्याशिवाय ताप उतरत नाही असं मानणाऱ्या समाजाने ती आधीच रुजवून ठेवली होती.

जिममध्ये कोणी स्टेरॉइड म्हणत नाही. 'कोर्स मारला', 'सायकलवर आहे', 'ऑन आहे', 'सामान आलंय का' अशी भाषा. न घेणारा तो 'नॅचरल', आणि हा शब्द बऱ्याचदा कीव केल्यासारखा उच्चारला जातो. टेस्टोस्टेरॉन म्हणजे टेस्टो, स्टॅनोझोलोल म्हणजे विन्नी, मेथँडिएनोन म्हणजे डी-बोल. मी ज्या ट्रेनरशी बोललो तो तिशीचा, कोल्हापूरकडचा, लहानपणी तालमीत जोर मारलेला. नाव न छापण्याच्या अटीवर मोकळेपणाने बोलला. "सर, पोरं त्रास देतात. त्यांना आठ आठवड्यांत रिझल्ट पाहिजे, पैसे नसतात. चाळिशीच्या पुढचे लोक बेस्ट क्लायंट. टाइमवर येतात, प्रश्न विचारत नाहीत, फी बुडवत नाहीत. आणि बायकोला कळू देऊ नका एवढंच सांगतात." तो त्यांना समोर 'सर' म्हणतो. काका म्हणायचं नाही हे त्याच्या धंद्याचं पहिलं तत्त्व.

माल कुठून येतो? थोडा औषधाच्या दुकानातून, ओळखीवर. बराचसा कुरिअरने, ज्यावर छापलेली कंपनी अस्तित्वात आहे की नाही हे कोणी पाहत नाही. कुपीत तेल असतं. नावाजलेल्या सस्टॅनॉनमध्ये तर शेंगदाण्याचं तेल, ज्यात टेस्टोस्टेरॉनचे चार वेगवेगळे एस्टर विरघळवलेले असतात, काही लवकर उतरणारे, काही हळू. बनावट कुपीत काय आणि किती आहे हे टोचणाऱ्यालाच टोचून घेतल्यावर कळतं. मांडीत गळू होऊन कापून घ्यावं लागलेले दोघे मला भेटले. दोघांनी घरी 'केसतोडा झाला' असं सांगितलं होतं. हल्ली मेफेन्टर्मिनच्या कुप्याही जिममध्ये फिरतात आणि पोलीस त्या पकडतात. ते स्टेरॉइड नव्हेच. भूल दिल्यावर रक्तदाब कोसळला तर तो वर आणण्याचं औषध. पन्नाशीच्या, आधीच बीपी असलेल्या माणसाने ते व्यायामाआधी टोचून घ्यायचं म्हणजे घराला आग लागली असता पंखा लावण्यासारखं आहे.

आता मात्रेबद्दल. निरोगी पुरुषाचं शरीर दिवसाला साधारण सात मिलिग्रॅमच्या आसपास टेस्टोस्टेरॉन बनवतं, म्हणजे आठवड्याला पन्नासेक. काका पाचशे घेत होते. हे काम करत नाही असं म्हणणं म्हणजे थाप होईल, आणि डॉक्टर मंडळींनी अनेक वर्षं तीच थाप मारली, म्हणून जिममध्ये त्यांच्यावर कोणाचा विश्वास उरला नाही. १९९६ साली शलेंदर भसीन आणि सहकाऱ्यांनी त्रेचाळीस पुरुषांवर नीट प्रयोग केला. आठवड्याला सहाशे मिलिग्रॅम, दहा आठवडे. ज्यांनी फक्त व्यायाम केला त्यांचं चरबीविरहित वजन सुमारे दोन किलोंनी वाढलं. ज्यांनी इंजेक्शन घेतलं आणि व्यायाम केलाच नाही त्यांचं तीन किलोंहून जास्त. दोन्ही करणाऱ्यांचं सहा. म्हणजे खुर्चीत बसून राहिलेला माणूस घाम गाळणाऱ्याच्या पुढे गेला. या प्रयोगाचा निकाल वाचून माझ्यासारख्या, तीस वर्षं सकाळी पर्वती चढणाऱ्या माणसाला थोडं वाईटच वाटलं.

पण तो प्रयोग दहा आठवड्यांचा होता. काका सहा वर्षं थांबले नाहीत, आणि ते का थांबले नाहीत हा या सगळ्या प्रकरणाचा गाभा आहे. दारू सुटत नाही तसं हे नव्हे. यात झिंग नाही. वृषणांना काम करायचा हुकूम मेंदूच्या तळाशी असलेल्या ग्रंथीकडून येतो. बाहेरून माल येऊ लागला की ती ग्रंथी हुकूम बंद करते आणि वृषणं आकसतात. मराठवाड्यातल्या माणसाला हे एका वाक्यात समजेल: गावात टँकर सुरू झाला की विहिरीचा गाळ कोण काढतो? टँकर येतोय तोवर घागरी भरलेल्या. तो ज्या दिवशी बंद होतो त्या दिवशी विहिरीत पाणी नसतं, असतं ते पूर्वीपेक्षाही खाली गेलेलं. पंचवीस वर्षांच्या पोराची विहीर बहुधा काही महिन्यांत पुन्हा झरू लागते. पन्नाशीला, इतक्या वर्षांच्या टँकरनंतर, ती किती झरेल याची हमी कोणी देत नाही. म्हणून चाळिशी-पन्नाशीतला माणूस 'सायकल' करायला जातो आणि उतरूच शकत नाही. जिथून निघाला होता तिथेच परतायचं असतं तर तो कदाचित परतला असता. पण सोडल्यावर तो त्याच्याही मागे पडतो. बावन्नाव्या वर्षी अचानक सत्तर. जिमने यावर तोडगा काढला आहे, त्याला 'क्रूझ' म्हणतात. पूर्ण सोडायचंच नाही, मधल्या काळात कमी मात्रेवर तरंगत राहायचं. हे वैद्यकीय भाषेत आजन्म उपचार झाले, फक्त डॉक्टरविना.

दरम्यान हृदयात जे होतं ते आरशात दिसत नाही. २०१७ साली अमेरिकेत बॅगिश आणि सहकाऱ्यांनी चौतीस ते चौपन्न वयाचे १४० अनुभवी वेटलिफ्टर तपासले, ८६ घेणारे आणि ५४ न घेणारे. हृदयाचा डावा कप्पा एका ठोक्याला आतलं किती रक्त पुढे ढकलतो याचं सरासरी प्रमाण न घेणाऱ्यांत ६३ टक्के, घेणाऱ्यांत ५२. त्या क्षणी 'ऑन' असलेल्यांचं त्याहून खाली, ४९. सोडलेल्यांचं थोडं सावरलेलं, ५८. घेणाऱ्यांच्या हृदयवाहिन्यांत थरही अधिक सापडले. या आकड्यांचं क्रौर्य असं की हे सगळे लोक दिसायला धडधाकट होते. आपल्याकडे पन्नाशीच्या पुरुषाला मधुमेह आणि बीपी आधीच चिकटलेले असतात, त्यावर ही भर. चांगलं कोलेस्टेरॉल खाली, वाईट वर, रक्त घट्ट. डेन्मार्कमध्ये जिममध्ये येणाऱ्या सामान्य माणसाचीही डोपिंग चाचणी होऊ शकते. तिथल्या नोंदींवरून निघालेलं चित्र सरळ आहे: चाचणीत सापडलेल्यांचा मृत्युदर त्याच वयाच्या इतर पुरुषांच्या जवळपास तिप्पट.

आपल्याकडे काका कोणाच्याच हद्दीत येत नाहीत. ही औषधं शेड्यूल एचमध्ये आहेत, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत. पण ती एनडीपीएस कायद्याखाली नाहीत, त्यामुळे जवळ बाळगणाऱ्याला अमली पदार्थाचं कलम लागत नाही. अमेरिकेने ती १९९० साली नियंत्रित पदार्थांत टाकली. ब्रिटनमध्ये विकणं गुन्हा, स्वतःपुरतं ठेवणं नाही. आपली नाडा ही डोपिंगविरोधी संस्था खेळाडू पकडते. २०२३ साली तिने ५,६०६ नमुने तपासले आणि २१३ दोषी निघाले, जगातल्या मोठ्या चाचणीकर्त्या देशांत सर्वांत वाईट प्रमाण. त्या २१३ जणांत बँकेतला अधिकारी नसतो. तो खेळाडू नाही, व्यसनी नाही, रुग्णही नाही. व्यसनमुक्ती केंद्रात जाऊन काय सांगणार, मला बारीक व्हायचं नाही म्हणून?

परदेशात म्हातारे निदान बातमीत तरी येतात. सिल्व्हेस्टर स्टॅलोन २००७ साली सिडनीच्या विमानतळावर ग्रोथ हॉर्मोनच्या अठ्ठेचाळीस कुप्यांसह सापडला आणि प्रतिबंधित औषधं आणल्याबद्दल त्याला दंड झाला. वय साठ. २०१८ साली अमेरिकेत नव्वद वर्षांचा सायकलपटू कार्ल ग्रोव्ह गुरांना देतात त्या ट्रेनबोलोनच्या अंशासाठी चाचणीत सापडला. आदल्या रात्री खाल्लेल्या गुराच्या काळजातून ते आलं असावं हे चाचणी संस्थेनेही मान्य केलं आणि ताकीद देऊन सोडलं. नव्वदीच्या गटात तो एकटाच स्पर्धक होता, हे मला त्या बातमीतलं सगळ्यात लोभस वाक्य वाटलं.

आता या धंद्याचं नवं रूप पांढऱ्या कोटात येतंय. 'मेन्स हेल्थ' पॅकेज, घरी येऊन रक्त नेणार, रिपोर्ट मोबाइलवर. लेखासाठी म्हणून मीही केलं. दुपारी चारला, जेवून झाल्यावर रक्त दिलं. टेस्टोस्टेरॉनचा आकडा आला ३३८, शेजारी पिवळा बाण. दुसऱ्या दिवशी सकाळी फोन, अत्यंत अदबीने: "सर, आपलं लेव्हल बॉर्डरलाइन आहे. थकवा वाटतो का? चिडचिड?" दिवाळी अंकाच्या मुदतीच्या आठवड्यात कोणत्या लेखकाला थकवा आणि चिडचिड नसते? मी एका हॉर्मोनतज्ज्ञांकडे गेलो तर त्यांनी रिपोर्ट न वाचताच परत दिला. टेस्टोस्टेरॉन सकाळी जास्त असतं, जेवल्यावर उतरतं. म्हणून सकाळी, उपाशीपोटी, आणि एकदा नव्हे दोनदा मोजायचं. पुन्हा दिलं, ४७१ आलं. "पोट कमी करा, रात्री झोपा, आणखी दहावीस वाढेल," ते म्हणाले. पोटाची चरबी टेस्टोस्टेरॉनचं स्त्री-हॉर्मोनमध्ये रूपांतर करते. म्हणजे ढेरी हे कारणही आणि परिणामही. खरोखर कमतरता असते, तिला उपचार आहेत आणि ते लाजेकाजेस्तव टाळू नयेत. पण ती किती जणांत? युरोपात चाळीस ते एकोणऐंशी वयाच्या ३,३६९ पुरुषांच्या पाहणीत लक्षणं आणि आकडा दोन्ही जुळणारे निघाले २.१ टक्के. ट्रेनर मंडळी हल्ली २०२३ च्या ट्रॅव्हर्स चाचणीचा दाखला देतात, की टेस्टोस्टेरॉनने हार्ट अटॅक वाढत नाहीत. चाचणी खरी आहे. पण ती खऱ्या कमतरतेच्या रुग्णांना जेल लावून पातळी नेहमीइतकी आणण्याची होती, नेहमीच्या दहापट नेण्याची नव्हे. आणि हृदयाची अनियमित लय, फुप्फुसात गुठळी हे त्यातही थोडं जास्त आढळलंच.

काकांनी जुलैत सोडलं. पहिला महिना काही नाही, तेलातलं औषध शरीरात रेंगाळतं. दुसऱ्या महिन्यात ते ऑफिसातून आल्यावर चपला न काढता सोफ्यावर बसून राहायचे. वजन सात किलो उतरलं. रात्री घाम, पहाटे जाग, बायकोशी बोलणं नाही. एकदा त्यांनी तिला विचारलं, "मी गेलो तर विम्याचे कागद कुठे आहेत माहीत आहे का तुला?" तिने दुसऱ्याच दिवशी त्यांना डॉक्टरांकडे नेलं. हे सोडताना मनावर येणारं मळभ खोल असतं, आणि ते एकट्याने काढायचं नसतं हे सांगायला भोवती कोणी नसतं. आता ते हॉर्मोनतज्ज्ञ आणि मानसोपचारतज्ज्ञ दोघांकडे जातात. ग्रंथीचा हुकूम पुन्हा येऊ लागला आहे, क्षीण. ऑक्टोबरच्या रिपोर्टवर आकडा होता २१४.

मी त्यांच्याकडे शेवटचं गेलो तेव्हा घरात दिवाळीची आवराआवर चालली होती. काका शिडीवर, माळ्यावरची भांडी खाली देत होते. शर्टाच्या बाह्या आता सैल. बायको खाली उभी राहून एकेक घेत होती. तीन वर्षांपूर्वी अशाच साफसफाईत तिला माळ्यावर चिवड्याच्या डब्यात सुया आणि कुप्या सापडल्या होत्या, आणि त्यांनी तेव्हा व्हिटॅमिन म्हणून सांगितलं होतं. मी विचारलं, त्या डब्याचं काय केलंत?

"काय करणार? चांगला स्टीलचा आहे, माझ्या आईने दिलेला," त्या म्हणाल्या. "दोनदा उकळत्या पाण्यातून काढला." मग शिडीकडे बघून, आवाज चढवून, "अहो, हळू! तो पाय आधी खाली घ्या."